कुंडाला ओहोटी

धाकट्या डहाणूच्या काशीनाथ तांडेलने आयुष्यात एकही काम भरती-ओहोटी बघितल्याशिवाय केलं नाही. बोट ओहोटीच्या पाण्यावर बाहेर काढायची आणि भरतीच्या पाण्यावर घरी आणायची, हे सगळेच मच्छीमार करतात. त्यात नवल काही नाही. पण काशीनाथ डहाणू रोडला केस कापायला निघाला तरी ओहोटी लागल्यावर निघायचा, आणि केस कापून झाले तरी भरती लागेपर्यंत न्हाव्याच्या बाकड्यावरून उठायचा नाही. बिचारा न्हावी तीन-तीन तास त्याची मतं ऐकत दुसऱ्यांच्या डोक्यावर कात्री चालवी.

हिशोब सोपा होता. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ हातात. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी नऊ चोपन्नचा काढला, तर या नवरदेवाने बाशिंग सावरत त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "काका, पावणेअकराला पाणी फिरतंय. तवा टाका अक्षता." भटजी म्हणाले, "अरे, गुरू-शुक्राचं काय?" काशीनाथ म्हणाला, "गुरू-शुक्र कोळंबी देतात काय?" अक्षता पावणेअकरालाच पडल्या. नर्मदेने घरात पाऊल टाकण्याआधीच ओळखलं, की आपली सवत घराच्या मागे खाडीत राहते आणि दिवसातून दोनदा येऊन जाते.

तर असा हा तांडेल. बोटीचा कप्तान, वय एकाहत्तर, आवाज असा की किनाऱ्यावर उभं राहून शिवी दिली तर ती दूर दर्यात जाळ्यावर बसलेल्याला लागावी. समुद्रात पन्नास वर्षं काढली, आणि दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांनी एकाच महिन्यात दगा दिला. बसला की उठता येईना, उठला की बसता येईना. डॉक्टर म्हणाले, वाट्या बदलाव्या लागतील. काशीनाथने विचार केला आणि म्हणाला, "इंजिन बदललेली बोट मी बघितलीय. नंतर ती मालकाचं ऐकत नाय."

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण नारळी पुनव आली की घोडं पेंड खायचं.

नारळी पुनवेला दर्यात नारळ टाकायचा तो बोटीवर उभं राहून, आणि टाकायचा तो तांडेलने. मागल्या वर्षी काशीनाथला वर चढता येईना, म्हणून दोन खलाशांनी त्याला बर्फाच्या लादीसारखं उचललं. अर्ध्यात एकाचा पाय घसरला. आधी नारळ पाण्यात पडला आणि पाठोपाठ तांडेल. वाजंत्रीवाल्यांना वाटलं कार्यक्रमच तसा आहे, म्हणून त्यांनी आणखी जोरात वाजवलं. सगळं गाव पोट धरधरून हसलं. मुलगा प्रविण हसला नाही. बोट आता तोच चालवत होता. यंदा आषाढ लागताच त्याने बापाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, बोटीच्या कडेला जो टायर टांगलाय, त्यावर पाय देऊन स्वतःचे स्वतः चढलात तर नारळ तुमचा. नायतर मी टाकीन. तुम्ही काठावर बसा."

काठावर! काशीनाथच्या लेखी काठ म्हणजे कुत्री, सुकत घातलेले बोंबील आणि कामातून गेलेली माणसं यांची जागा. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. अंगणातल्या पाण्याच्या टाकीला त्याने जुना टायर बांधला आणि पहाटे सगळे झोपेत असताना चढायचा सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी टायर, टाकीचं झाकण आणि तांडेल असे तिघे शेजारच्या भिकीच्या शेवग्यावर सापडले. शेवगा मोडला. भिकी अजून बोलत नाही.

तेव्हा नर्मदेने ऊनपाड्याचं नाव काढलं. तलासरीच्या पुढे डोंगरात हा पाडा. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि त्यात बसलं की लोक काठ्या फेकून चालायला लागतात, असं तिच्या बहिणीने सांगितलं होतं. नर्मदेचा काठ्या फेकण्यावर विश्वास नव्हता. पण दोन महिने मासेमारी बंद, नवरा घरात, आणि घरातला नवरा टाकीवर. दिवसभर कुठेतरी जाऊन आलो तर शेवगे तरी वाचतील, एवढाच तिचा हिशोब होता.

आता खरी अडचण सांगतो, गावात कोणाला सांगू नका. काशीनाथला गाडी लागायची. ज्याने वादळात बसून भाकरी खाल्ली, तो तांडेल एसटीत बसला की आशागडच्या आधीच खिडकीतून डोकं बाहेर काढायचा. बंद गाडीत बसवलं तर ऊनपाड्याला पोचेपर्यंत गुडघे तेवढे शिल्लक राहिले असते. शेवटी नर्मदेच्या बहिणीचा मुलगा धनेश कामी आला. त्याचा पिकअप टेम्पो होता, मासळीचा. मागच्या मोकळ्या हौद्यात त्याने निळी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. काशीनाथने ती स्वतःच्या हाताने नायलॉनच्या दोरीने चारी कोपऱ्यांना अशी बांधली, की टेम्पो उलटला असता तरी खुर्ची उलटली नसती. अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर काळी छत्री, हातात काठी. काठीने केबिनच्या टपावर एक ठोका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे गाढवा, ऐकू येत नाय काय.

दशमी होती. साडेसातला भरती पुरी झाली, पाणी फिरलं, आणि टेम्पो निघाला. नर्मदा धनेशच्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती. "मावशी, काका पाठी बरे हायेत ना?" धनेशने विचारलं. टपावर तीन ठोके पडले. "बरे हायेत," नर्मदा म्हणाली.

खरोखरच तो बरा होता. तोंडावर वारा, पायाखाली हेलकावे, आणि आशागडच्या चिकूच्या वाड्या दोन्ही बाजूंनी मागे पळतायत. त्याला वाटलं, ही तर बोटच झाली. चारोटीला धनेश चहासाठी थांबला, आणि तिथे पहिला घोळ झाला. उघड्या गाडीत, खुर्चीवर, छत्री धरून, ताठ बसलेला म्हातारा माणूस म्हणजे एक तर बुवा नाहीतर उमेदवार. वडापावच्या गाडीवरचा माणूस हात पुसत आला, नमस्कार करून म्हणाला, "साहेब, हे गटार बघून घ्या. तीन पावसाळे झाले, पाणी दुकानात येतं."

काशीनाथने वाकून गटार नीट बघितलं. कोणी सल्ला विचारला आणि तो दिला नाही, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. "ओहोटीला साफ करा," तो म्हणाला. "भरतीत हात नका घालू."

"बघा, किती वर्षांनी कोणी तरी कामाचं बोललं!" वडापाववाला मागे वळून ओरडला, आणि आणखी चौघे गोळा झाले. महालक्ष्मीच्या देवळापर्यंत काशीनाथकडे एका रस्त्याची आणि एका भावकीच्या भांडणाची तक्रार आली होती. तलासरीच्या नाक्यावर कोणी तरी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "अरे, मी गुडघ्यासाठी चाललोय!" तो ओरडून सांगत होता. लोकांना वाटलं गुडघा ही निशाणी असेल.

तलासरीनंतर रस्ता डोंगरात शिरला. हिरव्यागार उतारावर भाताची लावणी चालली होती आणि वरून पाऊस भुरभुरत होता. दहाच्या सुमाराला ऊनपाडा आला. डोंगराच्या कुशीत दगडांनी बांधलेली कुंडं होती. वरच्या कुंडातलं पाणी इतकं कढत, की फडक्यात बांधलेले तांदूळ त्यात शिजायचे. खालची दोन आंघोळीची, मध्ये भिंत. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. सगळ्याची देखभाल लाहू नावाचा पाड्यावरचाच माणूस करायचा. त्याची बायको सुकी छपराखाली चहा आणि उकडलेल्या शेंगा विकायची. बोर्डावर खडूने लिहिलं होतं, 'वीस मिनटाच्या वर बसू नये. चक्कर येते.'

काशीनाथने कुंडाच्या काठावर उभं राहून पाण्याची पातळी निरखली, भिंतीवर ओल्याची खूण शोधली आणि लाहूला विचारलं, "इथं भरती कवा?"

"इथं भरती नाय, बाबा."

"मंग ओहोटी?"

"ती पण नाय. बारा महिने एवढंच पानी."

काशीनाथला हे जरा असभ्यच वाटलं. पाणी म्हणवून घ्यायचं आणि जागचं हलायचं नाही! पण आला होता तो आला होता. हार काढून त्याने खुंटीला अडकवला, धनेशच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एकेक पायरी मोजत आत उतरला. चार पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर त्याने धनेशच्या आईचा उद्धार केला, दुसरीवर डॉक्टरचा. तिसरीवर पाणी कमरेला लागलं आणि तो गप्प झाला. चौथी उतरून तळाला पाय टेकले तेव्हा पाणी गळ्याशी आलं होतं.

"काका, काय झालं? चक्कर येते काय?"

काशीनाथने मान हलवली. दुखत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा, कुठेच काही दुखत नव्हतं. त्याने एक गुडघा वाकवला. वाकला. दुसरा वाकवला. तोही वाकला. मग त्याने जागच्या जागी उडी मारली, आणि कुंडातले सातआठ लोक भिंतीला सरकले.

"मोबाईल काढ!" तो गरजला. "शूटिंग घे! पाठव प्रविणला!"

धनेशने मोबाईल काढला. काशीनाथ पाण्यातल्या दोन पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "बघ रे, टायर काय, शिडाच्या काठीवर चढून दाखवतो." रेंज वरच्या जांभळाखालीच यायची, म्हणून धनेश तिकडे धावला. दहा मिनिटांनी परत आला तो जरा हळूच.

"पाठवला काय? काय बोलला?"

धनेशने मोबाईलमध्ये बघत वाचलं, "बाबांना सांग, पाण्याच्या बाहेर चढून दाखवा."

"ह्यॅट! हे घे," काशीनाथ म्हणाला आणि चढू लागला. पहिल्या दोन पायऱ्या तो राजासारखा चढला. तिसरीवर पाणी मांडीपर्यंत उतरलं आणि गुडघ्यात काही तरी चावलं. त्याने दात आवळले. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, अंग उचललं, आणि ते उचललं गेलंच नाही. सगळं वजन, सगळी एकाहत्तर वर्षं एकदम गुडघ्यांवर येऊन बसली. धनेश मोबाईल धरून उभा होता. "हे नको घेऊ," काशीनाथ हळूच म्हणाला. मग तो मागे वळला, पुन्हा गळ्यापर्यंत पाण्यात गेला, पाठ भिंतीला लावली आणि डोळे मिटले.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तास झाला.

आता इथे सांगायला हवं, की काशीनाथला सगळं कळलं होतं. तो वेडा नव्हता. पाण्याच्या आत तो तांडेल होता आणि बाहेर कोणी नव्हता, इतका सरळ मामला. मग बाहेर कशाला यायचं? त्याने मनातल्या मनात इथे राहण्याचा विचारसुद्धा करून बघितला. भात वरच्या कुंडात शिजेल. चहा सुकी देईल. पावसापुरती छत्री आहेच.

दीड वाजला. धनेशला चारच्या आत आशागडच्या एका वाडीतून चिकूची खोकी उचलायची होती, त्याचा जीव वर-खाली होऊ लागला. "काका, निघायचं ना?"

"भरती लागल्याशिवाय घरी फिरायचं नाय," काशीनाथ डोळे न उघडता म्हणाला.

धनेश पण तांडेलाच्या हाताखालून गेलेला. त्याने बोटांवर हिशोब केला. "काका, साडेसातला भरती झाली. म्हणजे पावणेदोनला ओहोटी पुरी. मंग भरती लागलीच की."

"कुठं लागली?" काशीनाथने एक डोळा उघडला. "तांडेलाने समोरचं पाणी बघायचं असतं. ह्या पाण्याला अजून ओहोटी झालेली नाय. आधी ओहोटी होईल, मंग भरती लागेल, मंग निघू."

"पण काका, इथं ओहोटी होतच नाय!"

"मंग थांबू."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते निराळं. इथे घडाच पाण्यात बसला होता. वापीहून आलेल्या एका शेटने वाकून विचारलं, "केम काका, बहार नथी आववुं?" बाहेर नाही यायचं? काशीनाथने गुजरातीतच उत्तर दिलं, "ओट आवे पछी." ओहोटी आल्यावर. शेट गंभीर झाले. त्यांनी बाहेर जाऊन आपल्या मंडळींना सांगितलं, की आत एक महाराज बसलेत आणि पाणी मागे हटल्याशिवाय उठणार नाहीत. त्यात कोणाला तरी खुंटीवरचा हार दिसला. अर्ध्या तासात कुंडाच्या काठावर दोन नारळ, उदबत्तीचा पुडा आणि डझनभर केळी येऊन पडली. काशीनाथला भूक लागली होतीच. त्याने चार केळी खाल्ली. लोकांनी सालंसुद्धा प्रसाद म्हणून नेली.

भिंतीपलीकडे नर्मदा आंघोळ करून, केस वाळवून, डबा खाऊन, सुकीशी सुनांबद्दल चार शब्द बोलून कधीची तयार होती. धनेशने येऊन सगळा प्रकार सांगितला. व्हिडिओचं सांगितलं, आणि जो व्हिडिओ घेतला नाही त्याचंही सांगितलं. ती ऐकून घेत गेली. पुरुषांच्या कुंडाशी जाऊन तिने भिंतीवरून एकदाच डोकावलं. तिचा नवरा हनुवटीपर्यंत पाण्यात उभा होता, बोटं सुक्या बोंबलासारखी सुरकुतलेली, आणि त्याच्यापुढे उदबत्ती जळत होती. ती तिथून सरळ लाहूकडे गेली.

"दादा, हे कुंड धुता की नाय कवा?"

"धुतो की. रोज सहाला. दट्ट्या काढतो, पानी सोडतो, चुना मारतो. सकाळला पुन्ना भरतं."

"आज आताच सोडा."

"सहाला," लाहू म्हणाला. "नेम हाय."

"माझ्या माणसाला ओहोटी पायजे," नर्मदा म्हणाली. "त्याच्याबिगर तो उठणार नाय. मी शेहेचाळीस वर्षं ओळखते."

लाहूने खराटा खाली ठेवला. वीस वर्षांत त्याच्याकडे लोकांनी साबण मागितला होता, टॉवेल मागितला होता, एकाने तर थंड पाणी मागितलं होतं. ओहोटी कोणी मागितली नव्हती. त्याने जरा विचार केला. "अर्दी सोडू का पुरी?"

"पुरी," नर्मदा म्हणाली.

खाली ओहोळाच्या बाजूला कुंडाचं भोक होतं. चिंध्या गुंडाळलेला लाकडी दट्ट्या लाहूने हिसडा देऊन बाहेर ओढला.

काशीनाथची नजर, सवयीने, समोरच्या दगडावर होती. दगडावर ओल्याची एक बारीक रेघ उमटली. त्याला वाटलं भास झाला. रेघ बोटभर झाली. मग दोन बोटं झाली. पाणी उतरत होतं! त्याच्या अंगावर काटा आला. आपण तर निमित्त म्हणून बोललो होतो. हे पाणी ते खरंच मनावर घेऊन बसलं की काय? काठावर एकच गलका झाला. "उतरलं! उतरलं!" वापीच्या शेटनी चपला काढल्या. एक बाई भिंतीपलीकडून विचारत होती, की महाराज मुलाच्या नोकरीचं सांगतात का.

पाणी छातीवरून पोटावर आलं. जसजसं ते उतरलं तसतसं अंग परत जड होत गेलं. कमरेशी आलं तेव्हा डावा गुडघा जागा झाला, मांडीशी आलं तेव्हा उजवा. आणि तेवढ्यात पायऱ्यांवरून, लुगड्याचा काष्टा खोचून, नर्मदा पुरुषांच्या कुंडात उतरली.

"अहो बाई, हे पुरुषांचं आहे!" कोणीतरी ओरडलं.

"पुरुषांनी तिकडं तोंड करा," नर्मदा म्हणाली, आणि सातआठ पुरुषांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. ती गुडघाभर पाण्यातून चालत त्याच्यापाशी आली. "झाली ओहोटी. चला."

"तू सोडलंस पाणी."

"मंग काय तुमच्या बापाने?"

काशीनाथ हसला नाही. तो भिंतीला धरून उभा होता. त्याने पायऱ्यांकडे बघितलं. "मला नाय चढता येणार, नर्मदा," तो म्हणाला. हे वाक्य त्याने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "यंदा नाय आणि पुढच्या साली पण नाय. झालं माझं." आणि त्याला रडू आलं. एवढा मोठा माणूस ओल्या पंचात उभा राहून लहान पोरासारखा रडला. भिंतीकडे तोंड केलेल्यांपैकी एकालाही मागे वळायचा धीर झाला नाही.

नर्मदेने त्याला तसंच रडू दिलं. मग म्हणाली, "माहीत हाय मला."

"नारळ पोर्‍या टाकणार. आणि मी काठावर बसू?"

"बसायचं नाय काठावर," नर्मदा म्हणाली. "बसलं की मनात नाय नाय ते येतं. उभं राहायचं. हाताला काम ठेवायचं, मी लसूण घेऊन जायची सोलायला. चारजणी असल्या तर भांडण काढायचं, भांडणात वेळ बरा जातो. कोणी विचारलं तर 'येतील' एवढंच बोलायचं. 'यायला पायजे होते' असं नाय बोलायचं."

काशीनाथने नाक पुसलं. "तू कवा गेलीस काठावर? तू तर कायम सगळ्यांच्या शेवटी यायचीस. आम्ही अर्धी मासळी उतरवली की मंग तुझी टोपली. ती पण जांभया देत."

ते खरंच होतं. साऱ्या खलाशांदेखत तो तिला झोपाळू म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

"बोट लांबवर दिसली की मी घरी जायची," नर्मदा म्हणाली. "चूल पेटवायची, भात टाकायचा, तोंड धुवायचं. मंग टोपली घेऊन शेवटी."

"आणि जांभया?"

"नायतर तुम्हाला कळलं असतं ना, मी कवापासून उभी हाय ते."

शेहेचाळीस वर्षं. त्यातली शेवटची दोन सोडली तरी महिन्याच्या इतक्या फेऱ्या, वर्षाचे दहा महिने. एकेका फेरीचे किती तास. काशीनाथ मनात गुणाकार करू लागला आणि त्याला तो जमेना.

"वादळाच्या साली पण?" त्याने विचारलं. "आमची बोट तिकडं गुजरातच्या बंदरात अडकली होती तवा?"

"तवा तीन दिवस," नर्मदा म्हणाली. "घरातला सगळा लसूण संपला."

भोकातून शेवटचं पाणी गळगळत गेलं. कुंडाच्या तळाशी उदबत्तीच्या दोन काड्या आणि कोणाचा तरी साबण उरला. काशीनाथने हात पुढे केला. नर्मदेने तो धरला.

"पुनवेला मला काठावर घेऊन जा," तो म्हणाला.

तिने त्याला एका बाजूने आधार दिला, लाहूने दुसऱ्या बाजूने, आणि चार पायऱ्या चढायला तिघांना मिळून बराच वेळ लागला.